निवडणुकीतील तिसरा उमेदवार आणि कर्मफलाचा विचार

गृहस्थाश्रमी मनुष्याने लोकांच्या कारभारात लक्ष घालावे की घालू नये, या प्रश्नाचा निर्णय आपल्या पूर्वजांनी पुष्कळ पूर्वी करून ठेवला आहे. ज्याच्या घरी चूल पेटते, ज्याच्या दारी अतिथी येतो, ज्याची मुले गावच्या शाळेत जातात आणि ज्याच्या अंगणात गावच्याच नाल्याचे पाणी शिरते, त्याला गावाच्या सुखदुःखापासून अलिप्त राहता येत नाही. संन्याशाला ते शोभेल. गृहस्थाला शोभत नाही. इथपर्यंत मतभेदाचे कारण नाही. परंतु लोकशाहीबरोबर या जुन्या प्रश्नाच्या पोटातून एक नवा प्रश्न जन्माला आला आहे आणि तो पहिल्यापेक्षा पुष्कळच अवघड आहे. विधानसभेच्या निवडणुकीत दोन बलाढ्य पक्ष समोरासमोर उभे आहेत. तिसरा एक मनुष्य त्या दोघांवाचून वेगळा उभा राहू इच्छितो. आपण निवडून येणार नाही, हे तो जाणतो. इतकेच नव्हे, तर आपण उभे राहिल्याने त्या दोघांपैकी जो आपणास अधिक अयोग्य वाटतो, तोच कदाचित निवडून येईल, हेही तो जाणतो. अशा मनुष्याने उभे राहावे काय? राहिल्यास त्याला पुण्य लागेल की पाप?

या प्रश्नाला बाजारात दोन उत्तरे तयार मिळतात. एक म्हणतो, “हा मते खाणारा आहे, याला कोणीतरी उभे केले असावे.” जबलपूरकडच्या हिंदी बोलीत अशा मनुष्याला ‘वोटकटवा’ हा शब्दच रूढ आहे. दुसरा म्हणतो, “कर्म करावे, फळाची चिंता करू नये, असे गीताच सांगते; मग पुढे काय होईल ते होवो.” या दोन्ही उत्तरांनी विचार करण्याचा त्रास वाचतो, आणि म्हणूनच ती इतकी लोकप्रिय आहेत. वाचकांना विनंती अशी की, ही दोन्ही उत्तरे क्षणभर बाजूस ठेवून आपण एका प्रत्यक्ष घडलेल्या उदाहरणाकडे पाहावे.

मध्यप्रदेशात २८ नोव्हेंबर २०१८ रोजी विधानसभेसाठी मतदान झाले आणि ११ डिसेंबरला मतमोजणी झाली. जबलपूर उत्तर या मतदारसंघात काँग्रेसचे विनय सक्सेना हे भारतीय जनता पक्षाचे उमेदवार व तत्कालीन राज्यमंत्री शरद जैन यांच्यापेक्षा अवघ्या ५७८ मतांनी पुढे राहिले. त्या दोघांनाही पन्नास हजारांच्या आसपास मते पडली होती. परंतु तिथे एक तिसरे उमेदवारही होते. भाजपच्या युवा आघाडीचे पूर्वी प्रदेशाध्यक्ष राहिलेले धीरज पटेरिया हे पक्षातून बाहेर पडून अपक्ष उभे होते आणि त्यांना २९ हजारांहून अधिक मते मिळाली. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाला मिळालेली मतेसुद्धा विजयी फरकापेक्षा अधिक होती. त्याच निवडणुकीत राज्याच्या २३० जागांपैकी काँग्रेसला ११४ आणि भाजपला १०९ जागा मिळाल्या. बहुमतास ११६ लागतात. म्हणजे एका शहरातील काही गल्ल्यांतली मते इकडची तिकडे झाली असती, तर राजधानीतील तराजूचा काटाही थोडा हलला असता.

निकालानंतर जे बोलले जाते, ते सर्वांच्या परिचयाचे आहे. अमक्याने तमक्याला पाडले. आता या वाक्यात जी गृहीतके दडली आहेत, ती तपासून पाहिली पाहिजेत. ‘मते खाल्ली’ असे म्हणताना आपण असे धरून चालतो की, ती मते मुळात दुसऱ्या कोणाच्या ताटात वाढलेली होती. मत हे कोणाच्या ताटातले अन्न नव्हे. मतदाराने ते प्रत्येक वेळी नव्याने द्यावयाचे असते. २९ हजार माणसे त्या दिवशी घरून निघाली, रांगेत उभी राहिली आणि समोर दोन मोठी चिन्हे असताना त्यांनी तिसरे चिन्ह निवडले. तो तिसरा नसता तर त्यांपैकी किती जण घरीच बसले असते, किती जण इकडे आणि किती जण तिकडे वळले असते, हे मोजण्याचे यंत्र अद्याप निघालेले नाही. मग ‘त्यानेच पाडले’ हे आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत. कर्माचे स्थान म्हणजे अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या हालचाली, आणि पाचवे दैव. त्याच्या लगेच पुढे असेही सांगितले आहे की, एवढे असूनही जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याची दृष्टी संस्कारहीन होय. हा विचार निवडणुकीच्या निकालाला तंतोतंत लागू पडतो. निकाल घडवणारे पुष्कळ असतात. तिकीट वाटणारे असतात, मागील पाच वर्षे काम केलेले किंवा न केलेले प्रतिनिधी असतात, मतदान केंद्रावर न गेलेले हजारो गृहस्थ असतात. हरलेल्या पक्षाने या सर्वांना सोडून केवळ तिसऱ्या मनुष्याकडे बोट दाखवणे म्हणजे पाचांतील चार कारणे झाकून ठेवणे होय. परंतु या श्लोकांचा आधार घेऊन तिसऱ्या उमेदवारालाही सुटता येणार नाही. पाचांत एक कारण तो आहेच. ‘मी एकटा कर्ता नाही’ हे खरे. म्हणून ‘मी कर्ताच नाही’ हे खरे ठरत नाही.

आता दुसऱ्या उत्तराकडे वळू. फळाची आशा धरू नये, या उपदेशाइतका दुरुपयोग क्वचितच दुसऱ्या एखाद्या उपदेशाचा झाला असेल. परीक्षेचा अभ्यास न करणारा विद्यार्थी तो सांगतो, हिशेब न ठेवणारा चिटणीस सांगतो, आणि परिणामाची पर्वा न करता निवडणुकीत उडी घेणारा उमेदवारही सांगतो. फलाशा सोडणे आणि परिणामाचा विचार सोडणे, या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचे अंतर आहे. वैद्य रोग्याला औषध देतो तेव्हा आपली कीर्ती होईल की नाही याची त्याने चिंता करू नये. पण औषधाने रोग्याचे काय होईल, याची चिंता केली नाही तर त्याला वैद्य कोण म्हणेल? निष्काम होण्याच्या नावाखाली त्याला निष्काळजी होता येत नाही.

गीतेचा अभिप्रायही हाच आहे. ज्या अठराव्या अध्यायाचा वर उल्लेख केला, त्यातच कर्माचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन भेद सांगितले आहेत. त्यांपैकी तामस कर्माचे लक्षण ज्यांनी लक्षपूर्वक वाचले असेल, त्यांच्या ध्यानात आले असेल की, पुढे काय होईल, काय वाया जाईल, कोणाला पीडा होईल आणि आपल्या अंगी बळ किती, हे न पाहता केवळ मोहाने आरंभलेले कर्म तेथे तामस ठरवले आहे. जो ग्रंथ फळाची आसक्ती सोडण्यास सांगतो, तोच ग्रंथ फळाचा विचार न करण्याला तमोगुणाच्या पदरी टाकतो. पुष्कळ लोक दुसऱ्या अध्यायाशीच पुस्तक मिटतात, त्याला काय करावे!

तर मग उभे राहू इच्छिणाऱ्या गृहस्थाने कसा विचार करावा? जबलपूरच्या एखाद्या जुन्या मोहल्ल्यातील निवृत्त शिक्षकाची आपण कल्पना करू. दर पावसाळ्यात नाल्याचे पाणी वस्तीत शिरते. दोन्ही मोठ्या पक्षांच्या लोकांनी आश्वासने दिली आणि दोघेही विसरले. मोहल्ल्यातील दहापाच माणसे या शिक्षकांकडे येऊन म्हणतात, “मास्तरसाहेब, आता तुम्हीच उभे राहा.” खर्चाची गोष्ट फार लांबवावयास नको. अनामत रक्कम दहा हजार रुपये भरावी लागते, आणि एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशापेक्षा अधिक मते पडली नाहीत तर ती जप्त होते. मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवाराला चाळीस लाखांपर्यंत खर्च करण्याची मुभा २०२२ पासून आहे. आपल्या मास्तरांपाशी त्याचा शतांशही नाही. मुलीच्या लग्नाकरिता ठेवलेल्या पैशास हात लावून जो निवडणूक लढवील, त्याने प्रथम आपल्या घराचे ऋण चुकवावे, एवढे म्हणून हा मुद्दा सोडून देऊ.

सामर्थ्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो. अपक्षाला किंवा लहान पक्षाच्या मनुष्याला दहा सूचक लागतात. कायद्याने हा नियम अनावश्यक गर्दी टाळण्याकरिता केला असेल, पण मला त्यात धर्मविचाराचीही एक सोय दिसते. दहा शेजाऱ्यांच्या दारी जाऊन “माझ्या नावाखाली आपली सही द्या” असे म्हणावे लागते, तेव्हा त्या दहा जणांच्या डोळ्यांत मनुष्याला आपली खरी उंची दिसते. कोण आनंदाने सही करतो, कोण भिडेखातर करतो, कोण “विचार करून सांगतो” म्हणतो, हे पाहून ज्याला आपले बळ कळत नाही, त्याला ते मतमोजणीच्या दिवशीही कळणार नाही.

परंतु ज्या ठिकाणी खरी कसोटी लागते, ते स्थान म्हणजे परिणामांची साखळी. शास्त्रकार तिला अनुबंध म्हणतात. मास्तरांच्या पत्नीने रात्री जेवताना विचारले, असे समजू: “अहो, तुम्ही उभे राहिलात आणि पडलात, तर त्याचे मला वाईट वाटणार नाही. पण तुमच्यामुळे तोच माणूस पुन्हा निवडून आला आणि पुढची पाच वर्षेही पाणी असेच घरात येत राहिले, तर शेजारच्या काकूंना मी काय सांगू?” या प्रश्नाला फार मोठमोठ्या तत्त्वज्ञांनाही सहज उत्तर देता येणार नाही. इसवी सन २००० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडा राज्याचा निकाल केवळ ५३७ मतांनी बुश यांच्या बाजूने लागला, आणि राल्फ नेडर या तिसऱ्या उमेदवाराला त्या राज्यात सत्त्याण्णव हजारांहून अधिक मते होती. ग्राहकांच्या हिताकरिता आयुष्य वेचलेल्या त्या मनुष्याने उभे राहावयास हवे होते की नाही, यावर तिकडे अद्यापही वाद चालतो. जबलपूरच्या ५७८ आणि फ्लोरिडाच्या ५३७ यांत फारसे अंतर नाही.

मास्तरांच्या पत्नीला उत्तर देण्यापूर्वी महाभारताकडे एकदा पाहावे, असे मला वाटते. गीतेचा उपदेश युद्धाच्या आरंभी झाला, हे सर्वांना माहीत असते. पण त्या आरंभापूर्वी काय काय घडले, हे आपण विसरतो. उद्योगपर्वात स्वतः श्रीकृष्ण शिष्टाईस गेले. पांडव पाच गावांवरसुद्धा संतुष्ट होण्यास तयार होते. तेही नाकारले गेले तेव्हा युद्ध अटळ ठरले, आणि त्यानंतरच रणांगणावर फलाशा सोडून लढण्याची गोष्ट निघाली. आधी शिष्टाई आणि मग निष्काम कर्म, हा क्रम ज्याने उलटा केला त्याने गीता अर्धीच घेतली. आपल्या मास्तरांनी प्रथम दोन्ही मोठ्या उमेदवारांच्या दारी जावयास हवे. त्यांची पाच गावे म्हणजे तो नाला. “एवढे काम पहिल्या वर्षी करीन, असे चौकात उभे राहून लोकांसमोर सांगा, मी अर्ज भरणार नाही” असे म्हणण्याची त्यांची तयारी आहे काय? असेल, तर त्यांचे उभे राहणे नाल्याकरिता आहे. दोघांपैकी एकाने मनापासून होकार दिला असताही ज्याला उभे राहावेसेच वाटते, त्याने स्वतःशी एकांतात बसून विचार करावा की, आपणास नाला हवा आहे की भिंतीवर रंगवलेले आपले नाव. त्याच पर्वात रुक्मीची कथा येते. तो मोठे सैन्य घेऊन आधी पांडवांकडे आला. “भय वाटत असेल तर मी तुझा साहाय्यक आहे” अशा डौलाने अर्जुनाशी बोलला. तिथे नकार मिळताच कौरवांकडे गेला आणि तिथूनही परत फिरला. त्याच्यापाशी सैन्य होते, शौर्य होते. कोणाकरिता लढावयाचे, एवढेच नव्हते.

अर्ज भरून झाल्यावरही तो मागे घेण्याकरिता कायद्याने मुदत ठेवली आहे. तेवढे दिवस म्हणजे शिष्टाईची दुसरी संधी होय. दुर्दैवाने याच दिवसांत सौदेही होतात. पैसे किंवा पद घेऊन जो अर्ज मागे घेतो, तो आपल्या दहा सूचकांच्या सह्या विकतो. आणि दुसऱ्याची मते फुटावीत म्हणून पैसे घेऊन जो उभा राहतो, त्याच्याविषयी तर या लेखात काही लिहिण्याचे कारणच नाही. त्याचा प्रश्न तत्त्वज्ञानाचा नाही. पक्षाने तिकीट नाकारले म्हणून रागाने उभे राहणाऱ्यांविषयी मात्र एवढे म्हणावेसे वाटते की, त्या सर्वांना एकाच मापाने मोजू नये. कधी खरोखरच योग्य मनुष्याला डावलले जाते आणि लोक त्याच्यामागे उभे राहतात. कधी केवळ मान दुखावलेला असतो. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. अंतःकरण पाहण्याचा अधिकार आपणास नाही; ज्याचे त्याने पाहावे.

इतका सर्व विचार ऐकून कोणी म्हणेल, “अशी चाळणी लावल्यास तिसरा मनुष्य कधीच उभा राहणार नाही आणि दोघांचीच मिरास कायमची होईल.” हा आक्षेप मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण परिणामांचा विचार करावयाचा तर तो एका निवडणुकीपुरताच का करावा? अनुबंध पाच वर्षांनी संपत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि १९३७ च्या निवडणुकीत तो मुंबई प्रांताच्या विधिमंडळात गेला. सत्ता काँग्रेसची होती. हा पक्ष लहान होता. त्याच वर्षी त्यांनी कोकणातील खोती पद्धती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये त्याकरिता शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर चालून गेला. ते विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. परंतु खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झालाच, आणि तो दुसऱ्यांच्या हातून झाला. आता सांगा, १९३७ मधील त्या कर्माचे फळ कोणाच्या खात्यावर लिहावे? बीज पेरणारा एक आणि मळणी करणारा दुसरा, असे जिथे घडते तिथेच फलाशा सोडण्याच्या उपदेशाचा खरा अर्थ कळू लागतो. सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याचे गणपतराव देशमुख हे दुसऱ्या प्रकारचे उदाहरण आहे. शेतकरी कामगार पक्षासारख्या लहान पक्षाच्या चिन्हावर ते १९६२ मध्ये प्रथम निवडून आले. १९७२ मध्ये पडले, पुन्हा निवडून आले; १९९५ मध्ये पडले, पुन्हा निवडून आले. असे अकरा वेळा ते विधानसभेत गेले आणि बहुतेक काळ विरोधी बाकांवरच बसले. पडल्यावर त्यांनी पक्षही बदलला नाही आणि गावही सोडले नाही. मध्यप्रदेशातच २०२३ मध्ये भाजपने १६३ आणि काँग्रेसने ६६ जागा घेतल्या, तेव्हा उरलेली एकुलती एक जागा रतलाम जिल्ह्यातील सैलान्याहून भारत आदिवासी पक्षाचे कमलेश्वर डोडियार यांनी जिंकली. २३० जणांच्या सभागृहात तिसरा म्हणून बसलेला हा एकच मनुष्य!

जबलपूरच्या आठवणीत आणखी एक निवडणूक आहे. ती विधानसभेची नव्हे, लोकसभेची; पण आपल्या प्रश्नावर तिचा चांगला प्रकाश पडतो. अनेक दशके या भागाचे प्रतिनिधित्व केलेले सेठ गोविंददास १९७४ मध्ये निवर्तले आणि पोटनिवडणूक आली. काँग्रेसचा हा गड समजला जात असे. जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने विरोधी पक्षांनी सत्तावीस वर्षांच्या शरद यादव या विद्यार्थी नेत्याला जनतेचा एकच उमेदवार म्हणून उभे केले आणि ते निवडून आले. विजयाचा इतिहास लिहिताना निवडून आलेल्याचे नाव राहते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या पक्षांनी आपापला मनुष्य उभा केला नाही, त्यांतील ज्या कार्यकर्त्यांनी ‘या वेळी माझी पाळी होती’ हे मनातले मनात गिळले, त्यांची नावे कोणत्याही यादीत सापडणार नाहीत. त्यांचे न उभे राहणे हेही कर्मच होते. कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म पाहण्याविषयी चौथ्या अध्यायात जे सांगितले आहे, त्याचे हे व्यवहारातले रूप म्हणता येईल. पुढे आणीबाणीच्या काळात लोकसभेची मुदत वाढवली गेली तेव्हा, लोकांनी आपणास एवढ्या मुदतीकरिता निवडलेले नाही, या निषेधाने १९७६ मध्ये शरद यादव आणि मधु लिमये या दोघांनी आपल्या जागांचे राजीनामे दिले. लिमये पुण्याचे, निवडून आले होते ते बिहारमधील बांका येथून. मिळालेले फळ हातातून सोडणे हे न मिळालेल्या फळाची आशा सोडण्यापेक्षा कठीण असते.

मतदाराच्या बाजूचाही थोडा विचार केला पाहिजे. “मत वाया घालवू नका” असे तिसऱ्याला मत देऊ पाहणाऱ्या मनुष्याला सर्वच सांगतात. या वाया जाण्याचे मूळ पुष्कळ अंशी मते मोजण्याच्या रीतीत आहे, हे ध्यानात घ्यावे. विधानसभेच्या निवडणुकीत मतदाराला एकच खूण करता येते, आणि ज्याला सर्वांहून अधिक मते तो निवडून येतो, मग ती निम्म्याहून कितीही कमी असोत. परंतु आपल्याच संविधानाने राष्ट्रपतीच्या निवडणुकीला दुसरी रीत लावली आहे. तिथे मतदार पहिली पसंती, दुसरी पसंती असे क्रम लिहितात. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्यात लढत झाली. तिसरे होते आपले चिंतामणराव देशमुख. रायगड जिल्ह्यातील नात्याचे, एके काळी मध्यप्रांतातच सनदी अधिकारी राहिलेले, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडलेले. पहिल्या मोजणीत कोणासही आवश्यक मते मिळाली नाहीत. मग देशमुखांसारख्या मागे पडलेल्यांच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंती मोजल्या गेल्या आणि गिरी निवडून आले. देशमुखांना ज्यांनी प्रथम पसंती दिली, त्यांचे मत वाया गेले नाही. त्यांना आपले मनही सांगता आले आणि उरलेल्या दोघांतील निवडही करता आली. ऑस्ट्रेलियात लोकप्रतिनिधींच्या सभागृहाकरिता शंभरांहून अधिक वर्षे अशीच रीत आहे. तेव्हा तिसऱ्या मनुष्याचे धर्मसंकट हे काही अंशी आपण निवडलेल्या गणिताने निर्माण केलेले आहे. राष्ट्रपती निवडताना आमदार-खासदारांना जी सोय मिळते, ती आमदार निवडताना सामान्य गृहस्थाला का नसावी, हे मला आजवर नीट कळलेले नाही.

पण गणित बदलेपर्यंत तरी मास्तरांना आणि त्यांच्या पत्नीला आहे त्याच रीतीत निर्णय करावयाचा आहे. माझे मत विचाराल तर ते असे आहे. दोघांकडे शिष्टाई झाली असेल, ती फसली असेल, आणि प्रश्न असा असेल की जो तिसऱ्याने उचलल्याखेरीज कोणाच्याही तोंडी येणार नाही, तर मास्तरांनी उभे राहावे. आणि मतदारांच्या दारी जाऊन “मी कदाचित येणार नाही, माझ्यामुळे अमुक एक येईल असेही होऊ शकते, तरीही मी या कारणाकरिता मत मागतो” असे स्पष्ट सांगावे. एवढे सांगितल्यावर जो मत देईल तो जाणून देईल आणि परिणामाचा वाटेकरी होईल. “आपणच येणार” असे खोटे सांगून घेतलेल्या मताचा भार मात्र सर्वस्वी सांगणाऱ्यावर राहतो. निवडणुकीच्या सभेत असे सत्य बोलणारा उमेदवार लोकांना विचित्र वाटेल, हे मी जाणतो. ज्यांच्यात दोन्ही पक्षांनी प्रश्न उचलला आहे आणि भेद केवळ माणसांचा उरला आहे, अशा ठिकाणी मात्र तिसऱ्याने घरी राहून त्या दोघांतील बऱ्याला मदत करणे हेच मला अधिक योग्य दिसते.

आणि एखादे वेळी मास्तर निवडून आलेच तर? अपक्ष म्हणून निवडून आलेला मनुष्य नंतर एखाद्या पक्षात शिरला, तर १९८५ पासून त्याचे सदस्यत्व जाते. ज्या नावावर मते मागितली त्याच नावाने बसले पाहिजे, एवढे तरी कायद्याने पाहिले आहे.

बहुधा ते पडतील. पडल्यावर दोन कामे शिल्लक असतात. एक कायद्याचे आहे. निकालापासून तीस दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवाराला, मग त्याची अनामत जप्त झालेली का असेना, निवडणुकीच्या खर्चाचा पैन् पै हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यापुढे ठेवावा लागतो. सबळ कारणाशिवाय न ठेवल्यास तीन वर्षे निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवले जाऊ शकते. जीपभाडे, ध्वनिक्षेपक, छापलेली पत्रके, कार्यकर्त्यांचा चहा, सारे त्यात लिहावयाचे. दुसरे काम कोणी सांगत नाही. निवडून आलेल्या मनुष्याकडे, तो ज्याला येऊ नये असे वाटत होते तोच असला तरी, नाल्याचा नकाशा आणि मोहल्ल्यातील घरांची यादी घेऊन जावयाचे असते. आणि त्याच्या बैठकीत इतर लोक हसतील तेव्हा बसून राहावयाचे असते. पावसाळा जूनमध्ये येतो. मास्तरांना हे काम हिशेबाच्या तीस दिवसांतच करावे लागेल, कारण मतमोजणी डिसेंबरात झाली, तर नाल्याच्या कामाची निविदा निघून ते पुरे होण्यास त्यानंतर जेमतेम पाच महिने उरतात.